सहावा थेंब

बोहरी आळीत मुर्तझाभाईंनी
करंगळीएवढी बाटली कागदात गुंडाळली, वर रबर चढवलं,
म्हणाले, ताई, पाच थेंब. सहावा घालू नका.
का, विचारलं तर म्हणे, का म्हणजे? पाच पुरतात.
आणि थेट पाण्यात नको. तेल पाण्याचं ऐकत नाही,
वर तरंगत बसतं, आणि अंगाला लागलं की चावतं.
आधी चमचाभर खोबरेलात मिसळा, मग सोडा.

त्यांनी लव्हेंडर दाखवलं होतं, त्याला साबणाच्या जाहिरातीचा वास.
निलगिरी दाखवली, तिला सर्दीचा.
मी वाळा घेतला.

बाथटब कुठला आमच्याकडे.
धायरीतला दोन खोल्यांचा फ्लॅट,
बाथरूममध्ये वळलं की कोपर नळाला लागतं.
निळा टब आहे, गोधड्या भिजवायचा,
मंडईमागून रिक्षात माझ्या मांडीवर बसून आलेला.
तो घासला. गीझर लावला.
दुपारी टँकर येऊन गेला होता, म्हणून हिंमत.
सुहास बाहेरून म्हणाला, खोबरेलाची बाटली आत का गेली?
म्हटलं, कामाला.

गुडघे हनुवटीशी घेऊन बसले.
एवढ्या पाण्यात आख्खी बाई मावत नाही,
आधी पाय, मग पाठ, पाळीपाळीनं भिजायचं.

दिवसभर मी रक्त धुते.
कर्वे रोडच्या मागे, तळमजल्यावर,
सहा खुर्च्या, सहा मशीन.
एका माणसाच्या चार तासांना एकशेवीस लिटर पाणी लागतं,
गाळलेलं, पुन्हा गाळलेलं, कशाचीच चव नसलेलं,
आणि त्याच माणसाला प्यायला
दिवसाचे मोजून तीन पेले, आमटी-चहा धरून.
वाकणकर मास्तर बर्फाचा खडा तोंडात धरतात
आणि तो विरेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

माझ्या हातांना ब्लीचचा वास, त्यावर व्हिनेगरचा.
परवा बसमध्ये शेजारची म्हणाली,
लोणचं सांडलंय वाटतं तुमच्या डब्यात.
म्हटलं, हो.

एक. दोन. तिसरा जरा लठ्ठ पडला.
चार. पाच.
वाफेबरोबर वास वर आला तो थेट माठाचाच,
तळाशी वाळ्याची जुडी, वर पितळी झाकण,
आणि कमरेपर्यंत गरम पाण्यात बसून
मला कडकडून तहान लागली.

हसूच आलं. मग नाही आलं.
मंगळवारी मास्तरांनी विचारलं होतं,
माठात वाळा टाकतात का हो अजून लोक?
मी सुई टोचत होते. म्हटलं, हात हलवू नका.

पाणी कोमट होईपर्यंत बसले. खांदे उतरले जरा,
मान मात्र होती तिथेच.
ते पाणी ओतून द्यायचं कसं, म्हणून त्यानंच गॅलरी धुतली,
तर सकाळी खालचे कुलथे जिन्यात आडवे.
तुमचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर आलं.
सॉरी म्हटलं.
ते तसेच उभे.
वास बरा होता, म्हणाले, पण पुन्हा नको.

आणि सहावा थेंब
मी कापसावर घेतला, औषधाच्या रिकाम्या डबीत घालून नेला.
मास्तरांचं वजन केलं. दोन किलो तीनशे वर.
सगळं पाणीच, जपून चोरून प्यायलेलं,
दोघांनाही ठाऊक, दोघंही गप्प.
मशीन लागलं. डबी उघडून हातात दिली.

त्यांनी नाकाशी धरली. डोळे मिटले.
शेजारच्या खुर्चीतला मुलगा मोबाईल सोडून बघायला लागला.
तक्त्यात दिलेल्या पाण्याचा रकाना असतो,
तिथे काय लिहू, असा विचार करत मी पेन धरून उभी.

बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले,
माठ आला.
आता पेला कुठाय?