तसं पाहिलं तर

हरभट रोडला चपलांच्या दुकानावर
आरवाडे सरांचं ऑफिस. जिना अंधारा, पायऱ्या उंच.
जुलैचा शेवटचा आठवडा, बाकावर मुंगीला जागा नाही.
हे उभे, मी कशीबशी टेकलेली,
मांडीवर पिशवी: दोन पासबुकं, दोन पॅनकार्डं,
ह्यांच्या दुकानाची वही, माझा फॉर्म सोळा.

म्हटलं, सर, एक विचारू?
पूजेला जोडीनं बसायचं, घराच्या कर्जाला जोडीनं सह्या,
लग्नाची पत्रिका आली तरी दोघांना मिळून एक,
मग रिटर्न तेवढं जोडीनं का नाही भरता येत?

सर हसले. काही देशांत असतं म्हणाले.
जेवणं उरकली की नवराबायको कागद घेऊन बसतात,
एकत्र भरलं तर किती, वेगळं भरलं तर किती.
आपल्याकडं तो प्रश्नच नाही, वहिनी.
खात्यापुढं जो तो एकटा.

तरीच.
सत्तावीस वर्षं शेटेवहिनी म्हणून हाक येते,
आणि कार्डावर माझ्या नावाखाली
अजून बापच उभा. बसाप्पा तोडकर.
जाऊन अकरा वर्षं झाली त्याला.

मग सरांचं पेन थांबलं.
ही पाच लाखांची ठेव वहिनींच्या नावावर?
हे म्हणाले, दिलेत तिला. पन्नाशीचे.
आणि पंख्याकडं बघत राहिले.
सर म्हणाले, दिलेत ते चांगलं केलंत,
पण व्याज धरायचं तुमच्याच उत्पन्नात.
बायकोला दिलेलं, कायद्याच्या हिशेबी,
नवऱ्याच्या मुठीतून सुटत नाही.

मी पतसंस्थेत कॅशियर. वीस वर्षं जाळीमागं.
व्याज मला कोणी शिकवायला नको.
विचारलं, आणि बायकोनं नवऱ्याला दिलं तर?
तोच नियम, म्हणाले. उलटा.

उलटा म्हणजे
सन अठ्ठ्याण्णव, सराफ कट्टा, सहा तोळ्यांच्या पाटल्या,
आईनं तांदळाच्या डब्यात दडवून जपलेल्या.
अठ्ठावीस हजार आले. त्यातून वाइंडिंगचं मशीन,
तांब्याच्या तारेची रिळं, शटरचं कुलूप.
मग पलूसच्या, तासगावच्या, कृष्णाकाठच्या
गाळ प्यालेल्या, जळालेल्या मोटारी यायला लागल्या.
वार्निशचा वास ह्यांच्या शर्टाला बसला
तो अजून निघालेला नाही.

सगळं सांगितलं सरांना, तारीखवार.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
तसं पाहिलं तर, म्हणाले,
दुकानाच्या नफ्यातला काही भाग, त्या प्रमाणात,
दरसाल वहिनींच्या उत्पन्नात यायला हवा होता.
जरा थांबले.
पण तसं कोण पाहतंय.

बाकावरचे हसले. हेही हसले, थोडे उशिरा.

दोन रिटर्न गेली. दोन पोचपावत्या निघाल्या,
सरांनी एकाच पिनेत टोचून दिल्या.
फी मात्र जोडीनं: एकेकाचे सहाशे, दोघांचे मिळून हजार.
जाता जाता म्हणाले, वहिनी, एक आहे,
आलेल्या व्याजाची पुन्हा ठेव केलीत
तर तिचं व्याज तुमचं. त्यात ह्यांचा संबंध नाही.
मी मनात आकडा काढला.
चहासाखरेला पुरेल, दोनेक महिने.

जिन्यात मध्येच हे थांबले. मागं न वळता विचारलं,
पाटल्यांची पावती होती का गं?
आहे, म्हटलं. कपाटात, निळ्या इरकलीच्या घडीत.

पुढं काही बोलले नाहीत.
खाली कोपऱ्यावर भडंग घेतलं, अर्धा किलो,
एकाच पुड्यातून खात आलो बसस्टँडपर्यंत.
पैसे कुणी दिले
ते इथं लिहीत नाही.