पाट्यांची वही

गुडघा गेला तेव्हापासून वही माझ्याकडं.
पुढून उघडली की अंजीर,
मागून उघडली की खेळ.
मध्ये दोन्ही भेटतात, तिथं शाई सांडलीय.

मथळा दोन्हीकडं एकच : पाट्या.
इकडं पाटी म्हणजे टोपली, तळाला अंजिराचं पान,
त्यावर एकेक फळ, जपून.
तिकडं पाटी म्हणजे आट्यापाट्यांची,
चुन्यानं आखलेली, हातभर रुंद;
ती हिरामण कुंजीरनं धरली
की समोरच्या नऊ जणांना घरची वाट आठवायची.

त्याला कुणी शिकवलं नाही.
रात्रपाळीची लाईट, बागेत पाणी,
एक दारं मोडायचं, पुढचं धरायचं,
पाण्याच्या आधी पोचायचं.
पाणीसुद्धा हूल देतं.

त्या पौषात एकाच दिवशी सगळं आलं :
दुपारी सासवडला आट्यापाट्यांची अंतिम फेरी,
रात्री पुण्यात कबड्डीची,
आणि पहाटे चारला मार्केट यार्ड.
तिथं तर रोजच अंतिम.

बेचाळीस पाट्या तोडून तो सासवडला गेला,
एकट्यानं लोण घेऊन परतला,
पोटऱ्यांना चुना तसाच, टेम्पोत चढला.
दिवे घाटात मी पुढं, ड्रायव्हरजवळ.
मागं बेचाळीस पाट्या आणि सात माणसं.
अंजिरं बसलेली,
माणसं उभी.

मॅटवर पहिल्यांदाच.
बूट उसने, एका नंबरनं मोठे, आत कापूस.
तिसऱ्या पकडीला त्यांचा चढाईवाला, शार्दूल मानकर,
बोंबलला :
साहेब, याच्या हाताला काहीतरी लावलंय!

खेळ थांबला.
हिरामणनं दोन्ही पंजे पुढं केले.
पेरापेरांत काळं, चिकट.
पंचांनी वाकून वास घेतला,
जावयानं भाजीचा घ्यावा तसा.
चीक आहे, हिरामण म्हणाला. अंजिराचा.
धुऊन या.

साबणानं जात नाही.
तेलानं जातो, पण तेलकट हातानं खेळू देत नाहीत.
मातीनं जातो,
आणि तिथं माती नव्हती.
मॅटखाली सिमेंट, सिमेंटच्या कडेला कुंड्या,
कुंड्यांत प्लॅस्टिकची झाडं.

मग मी लंगडत टेम्पोकडं गेलो.
मडगार्डच्या आत आमच्या पांदीचा चिखल वाळला होता,
पान्ह्यानं खरवडला, टोपीत आणला.
नळाखाली कालवून त्यानं हात घासले,
असे घासले की मला बघवेना.
लाल झाले. स्वच्छ झाले.
पंच म्हणाले, खेळा.

आता याची पकड सुटणार, सगळ्यांना वाटलं.
खोटं कशाला, मलाही वाटलं.
पुढच्याच चढाईला मानकरचा घोटा
त्याच्या मुठीत होता,
आणि मानकरचा दम
मध्यरेषेच्या दोन बोटं अलीकडं संपला.
त्यांच्यावर लोण चढलं.
दुपारचं एक, रात्रीचं एक, एका माणसाच्या एका दिवसात.
मी लिहिताना बोटाला जीभ लावून पान उलटलं,
खारट लागलं.

तरी हरलो. एका गुणानं.
बूट निसटला, बोनस रेषेवर, बुटाचाच दोष,
असं गावात सांगायचं ठरलं.

साडेतीनला यार्डाकडं निघताना
मानकर टेम्पोपाशी आला. काही बोलेना.
हिरामणनं पाटीतलं एक अंजीर त्याला दिलं.
देठाकडून खाऊ नको, म्हणाला, ओठ चुरचुरतात.
त्यानं देठाकडूनच खाल्लं.
मग बराच वेळ ओठ चोळत
आमच्याबरोबर हसत उभा राहिला.

मागच्या पानावर : आपले एकतीस, त्यांचे बत्तीस.
पुढच्या पानावर, बेचाळीस पाट्यांच्या खाली,
तूट : अंजीर एक.
कारण : खेळ.