शिक्क्याचा नमुना

शाळेला सुट्टी आहे, दोन वर्षांपासून.
चौथीच्या वर्गात आमचं कार्यालय.
फळ्यावर सातचा पाढा बेचाळीसपाशी थांबलाय.
मी तो पुसत नाही.

पोर्ट सुदान. सकाळी दहालाच कागद मनगटाला चिकटतो.
जनरेटर चालेल तेवढा वेळ माझं राज्य:
एक टेबल, एक पंखा,
आणि खार्टूमहून आणलेली रजिस्टरं, चौदांपैकी पाच.
पाचच का, असं विचारतात लोक पत्रातून.
ट्रकवर माणसं होती, बाबांनो.

डॉक्टर इख्लास बाबिकर, प्रसूतितज्ज्ञ.
मुक्काम आयर्लंड, कॅसलबार नावाचं गाव.
तिथे सध्या वृद्धाश्रमात अंथरुणं बदलतात.
तिथल्या परिषदेला हवाय आमचा दाखला:
ही बाई डॉक्टर आहे,
हिच्यावर तक्रार नाही, चौकशी नाही, शिक्षा नाही.
तिकडच्या भाषेत ह्या दाखल्याचा अर्थ म्हणे
‘नीट उभी आहे’.
बारा तासांच्या पाळीत उभीच असणार, दुसरं काय.
दाखला तीन महिन्यांत शिळा होतो,
आणि तिच्या हातून गेलेला चालत नाही,
आमच्याकडूनच थेट जावा लागतो.
स्वतःबद्दल खरं बोलायची मुभा
सगळ्यांना आहे, फक्त स्वतःला नाही.

नाव नवव्या रजिस्टरात. नववं राहिलं.
ऐकलं, त्या इमारतीत सैनिकांनी चहा केला.
जळण कशाचं, ते मी विचारलं नाही.

तरी ते पान मला दिसतं.
अक्षर माझंच, शाई निळी,
बाबिकरमधलं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं,
कारण तेवढ्यात कुणीतरी आल्याची कॉफी आणली होती.
पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे,
हे मीच तीस वर्षं लोकांना सांगत आलोय.

म्हणून दोन साक्षीदार.
एक त्यांच्या वर्गातले सर्जन, कसालाहून आले, घाईत सही करून गेले.
दुसरी ओमदुरमानची सुईण, सित्तना.
लिहिता येत नाही, अंगठा देते.
म्हणाली, वीज नव्हती, मोबाइलच्या उजेडात
तिने एका रात्रीत सात बायका मोकळ्या केल्या.
आठवी गेली. तेही लिही.
मी म्हटलं, त्याला रकाना नाही.
‘मग कसला हा फॉर्म,’ म्हणाली,
आणि शाईचा अंगठा माझ्या टेबलाला पुसला.

तक्रार प्रलंबित आहे काय?
लिहिलं: नाही.
तक्रारींचं कपाटही तिकडेच राहिलं,
हे लिहिलं नाही.

शिक्का नवा. बंदरावरच्या चपला शिवणाऱ्याने
टायरच्या रबरातून कोरून दिला.
मधला पक्षी जरा कोंबड्यावर गेलाय.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं, फार नम्र:
आपला शिक्का आमच्याकडील नमुन्याशी जुळत नाही.

रात्री गच्चीवर पडून राहिलो. झोप नाही.
खोटं बोलत नव्हते बिचारे.
माझंही ओळखपत्र तिसऱ्या नाक्यावर काढून घेतलंय.
तिच्याबद्दल मी सांगायचं, ठीक आहे,
माझ्याबद्दल कोणी सांगायचं?

सकाळी जनरेटर धडधडला तसं लिहायला बसलो:
‘महोदया,
आमच्या शिक्क्याचा नमुना आपल्याकडे आहे
हे वाचून बरं वाटलं.
कृपया त्याची एक प्रत पाठवावी.
आमच्याकडे उरलेली नाही.’

काल आली.
गोल शिक्का, पक्षी पक्ष्यासारखा,
खाली एक सही, पंधरा वर्षांपूर्वीची,
शेपटी ऐटीत वर उडालेली.
नाव वाचलं: तिजानी अल-अमीन.
बराच वेळ बघत बसलो.
मग एका रद्दी कागदावर
तशी करून पाहिली. परत. परत.
चौथ्या खेपेला शेपटी जमली.

इख्लासबाई, तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजा.
प्रत घेऊन बंदरावर गेलो होतो.
चपलावाल्याने ती उन्हात धरली, डोळे बारीक केले,
म्हणाला, होईल.
पण चोच सरळ करायचे पैसे वेगळे.