यो

हेल्मी आली तेव्हा तिच्या पाठीवर
तिच्याएवढीच पिशवी होती
आणि पायांत पांढरे बूट.
मी म्हटलं, काढ ते.
भिंतीला सहा जोड गमबूट टांगलेत, मागचे ठेवून गेले,
तुझ्या मापाचे बघ. एक पाय सैल झाला तर चालवून घे.

मांद्र्यात आमचा आसरा,
काजूच्या बागेमागे, चिऱ्यांच्या गडग्याआड.
सकाळी साडेसहाला मी चूल पेटवते:
तांदूळ, हळद, आनाक्लेता पाठवते ती बांगड्यांची डोकी.
वास सुटला की चाळीस गळे एकदम उठतात
आणि रोहिदास व्हॅन बाहेर काढतो.

तिला सांगितलं,
गोचिड्या रॉकेलच्या वाटीत टाकायच्या, मोजायच्या नाहीत.
जखमेत किडे दिसले की तोंडाने श्वास घ्यायचा.
आणि रडायचं असेल तर मांजरांच्या खोलीत जा,
कुत्री घाबरतात,
मांजरांना काही फरक पडत नाही.
ती गेली दोनदा.
एकदा कपेलाच्या पायरीवर
सिमेंटच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या पिल्लांसाठी.
दुसऱ्यांदा कशासाठी
ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काळी, तीन पायांची, डाव्या कानाला कापाची खूण.
माझ्या वहीत इतकंच. क्रमांक दोनशे सतरा.
नावं मात्र भरपूर:
डच पोराने स्टेर ठेवलं, तो डिसेंबर संपायच्या आत गेला.
स्पेनच्या दोघी बहिणींनी लुना.
आयर्लंडचा एक म्हातारा मास्तर
तिला कुठल्याशा राणीच्या नावाने हाक मारायचा,
ते माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही.
हेल्मी म्हणाली, मुस्तिक्का.
म्हणजे तिकडच्या रानातलं काळं-निळं फळ.
मी म्हटलं, जांभूळ?
नाही म्हणाली.
करवंद?
तेही नाही.
मग आम्ही दोघी तिथंच थांबलो.

शेपूट ती सगळ्यांसाठी हलवायची,
नावासाठी नव्हे, वाटीसाठी.
मी तिला नाव दिलंच नाही. नुसतं म्हणते, यो.
आमच्या बोलीत 'ये'.
सगळ्यांनाच म्हणते.

एप्रिलात किनाऱ्यावरचे शॅक मोडतात,
बांबू टेम्पोत चढतात, गोरी माणसं विमानात,
आणि वर्षभराच्या खरकट्यावर वाढलेली कुत्री
रिकाम्या वाळूत बसून राहतात.
व्हॅन रोज भरून येते.
नेमकं तेव्हाच हेल्मीचं जायचं ठरलं
आणि ती म्हणाली, हिला नेते.

रोहिदासचा भाऊ तीन वर्षं
आजोबांचा जन्मदाखला शोधतोय, पोर्तुगालच्या पासपोर्टासाठी.
दोनशे सतराचं रक्त, चिप, सही, शिक्का
चार महिन्यांत झालं.
पिंजऱ्यावर कागद चिकटवताना रोहिदास हसला,
"वच गो बाये, तू तरी वच."
बराच वेळ हसत राहिला.
मोप्यापर्यंत मीही गेले सोडायला.
आतलं पाहिलं नाही,
आत जायला तिकीट लागतं.
परत येऊन बघते तर भिंतीवर
सातवा जोड, पांढऱ्या बुटांचा,
धुऊन, नाड्या एकमेकींत बांधून.

जुलैत तिने व्हिडिओ लावला. इथे चूल नुकती धरलेली,
लाकडं ओली, डोळ्यांत धूर.
तिकडे पहाटेचे चार, आणि खिडकीत चक्क ऊन.
म्हणाली, ही रोज याच वेळी उठते,
स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसते.
डॉक्टरला दाखवलं. काहीच दुखत नाही म्हणे.
हिला काय हवंय?

मी घड्याळाकडे बघितलं.
मग फोन तोंडाजवळ धरून म्हटलं, यो.

तिकडे एक कान उभा राहिला, कापाचा.
ती फोनकडे नाही, दाराकडे बघत राहिली.

इकडे मात्र ओल्या अंगांची सगळी उठून आली,
लंगडी, आंधळी, काल रात्रीच आणलेली सुद्धा,
माझ्या पायांभोवती, परकराला नाकं लावत,
आणि हेल्मी विचारत राहिली, काय झालं, काय झालं,
आणि भात खाली लागला.