एकतीस अंश

आयत्या बिळात नागोबा, म्हणतात.
बीळ करणाऱ्याला मात्र
कोणी काही विचारत नाही.

जानेवारीत एली लष्करात गेला, काजानीला,
तीनशे सत्तेचाळीस दिवसांसाठी.
मागे ठेवला एक प्लास्टिकचा डबा,
डब्यात रुसिना, मक्याच्या रंगाची,
आणि डब्यावर चिठ्ठी:
बाबा, हा तिला लहान पडतो.

टाउनो केम्पाइनेनला साप आवडत नाहीत.
त्याने हे कधी लपवलंही नाही.
तो सौनाची बाकं करतो,
सगळ्या हापावेसीत त्याच्या बाकांवर
माणसं घामाघूम बसलेली असतात.

सिर्काने कपबशा नेल्या होत्या, कपाट राहिलं होतं,
काचेच्या दारांचं.
ते त्याने आडवं पाडलं, फळ्या उपसल्या,
तर आतल्या कडेला पेन्सिलीच्या रेघा:
एली तीन, एली चार, एली साडेपाच.
उभ्या मुलाची उंची आता जमिनीला समांतर.
दोन्ही हातांत (हातमोजे घालून) धरून
त्याने रुसिनाला त्या रेघांशी लावलं.
सहाव्या वाढदिवसाच्या जरा अलीकडे भरली.
कपाट पुरेल.

पाइनचा भुसा नको, चिठ्ठीत होतं,
त्याच्या वासाने छाती भरते. अ‍ॅस्पेन चालेल.
अ‍ॅस्पेन! टाउनो हसला.
रंध्याखाली पोतंभर पडत होतं रोज.
रंधा फिरला की लाकूडही कातच टाकतं,
पांढरी, गुंडाळलेली, काही न बोलणारी.

मग दिवा, मग थर्मोस्टॅट.
एका टोकाला एकतीस अंश, दुसऱ्या टोकाला तेवीस,
आणि दोन्हीकडे लपायला एकेक जागा.
ऊब हवी तेव्हा ऊब, नको तेव्हा गारवा,
एकाच छपराखाली.
हे वाचून तो थोडा वेळ
कपाटाच्या रिकाम्या काचेकडे बघत बसला.
पाण्याचा वाडगा जड हवा, उलटणार नाही असा.
करंगळी शिरेल एवढी फट
म्हणजे दार सताड उघडं.
त्याने करंगळी फिरवून फिरवून पाहिलं.

फेब्रुवारीत एका रात्री वीज गेली.
बाहेर उणे एकोणतीस.
काटा सव्वीसवर आला, मग चोवीस, मग बावीस,
आणि टाउनो चुलीत लाकडं कोंबत
शिव्या देत होता: बर्फाला, वीज कंपनीला, लष्कराला.
वीसवर आल्यावर तो उठला.
उशीचा अभ्रा आणला. हातमोजे सापडेनात.
तसंच उचललं.
अभ्र्याला गाठ, अभ्रा लोकरी शर्टाच्या आत,
वरून कोट, आणि चुलीपाशी खुर्ची.

अस्तनीतला साप म्हणजे दगाबाज,
असं भाषेला वाटतं.
हा फक्त गार होता.
बरगडीपाशी सावकाश वळत राहिला,
जसं कोणी झोपेत पांघरूण शोधतं.

पहाटे दिवा लागला.
टाउनो लगेच उठला नाही.

रविवारी एलीचा फोन.
कशी आहे?
उंदीर खाल्ला, टाउनो म्हणाला.
आणि घर?
दार जरा कुरकुरतं, तेल घालतो.

मग दोघंही गप्प,
रेषेवर दूरवर कुणीतरी बूट आपटत गेलं,
आणि टाउनोने, उगाचच,
काचेला करंगळी लावून पाहिली.