इतर धरून

आदल्या रात्री छापखान्याला बाहेरून कुलूप लागतं.
मोबाइल गेटवरच्या टोपलीत,
नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेले, कांदेबटाट्यासारखे.
आत आम्ही बेचाळीस जण
आणि राज्याची आर्थिक पाहणी,
अजून ओली.

फिलोमिना तुस्कानो मूळ प्रत वाचते,
मी मुद्रितावर बोट ठेवून ऐकतो.
तेवीस वर्षं हाच संसार:
ती म्हणते, मी मान हलवतो.
"शेती व संलग्न. अकरा टिंब चार.
बांधकाम. सहा टिंब शून्य. शून्य ठेवायचंय हं, खाऊ नका.
व्यापार, स्वल्पविराम, दुरुस्ती, स्वल्पविराम, हॉटेले,
कंस सुरू, उपाहारगृहांसह, कंस पूर्ण."
लहानपणी वसईच्या चर्चमध्ये ती शास्त्रपाठ वाचायची.
आवाज तोच. कुठल्याच आकड्यावर
जास्त माया नाही.

रात्री दीडला यल्लप्पा चहा फिरवतो.
तोही आमच्यासोबत कोंडलेला.
यादीत त्याचं नाव नव्हतं, म्हणून साहेबांनी
खाली पेनाने लिहिलं: व इतर एक.
त्याच्या वहीत आकडे नाहीत, उभ्या रेघा,
पाचवी आडवी.
दाऊद परकारच्या नावावर गेल्या मार्चपासून
अख्खं कुंपण उभं आहे.

दाऊद कागद कापतो.
कडांची कातरण पायाने पोत्यात दाबतो.
परवा ती किलोवर धारावीला जाईल,
लगदा होईल, मग पुठ्ठा,
मग कुणाच्या तरी साखरपुड्याचं पेढ्यांचं खोकं.
"यंदा कडा रुंद सोडल्यात," दाऊद म्हणतो,
"म्हणजे राज्याचं बरं चाललंय."

तीन वाजून दहा. तक्ता सतरा.
"क्षेत्रनिहाय वाटा, टक्के."
मी बेरीज करतो. ते माझं काम नाही,
मुद्रितशोधकाने प्रतीत आहे ते पानावर आहे का,
एवढंच बघायचं. पण हात शिवशिवतो.
नव्याण्णव टिंब तीन.
फिलोमिना पुन्हा वाचते, या वेळी खालून वर.
नव्याण्णव टिंब तीन.
साहेब लँडलाइन फिरवतात.
पलीकडे कुणीतरी जांभई देतं, कागद चाळतं.
"सातच दशांश ना? इतरमध्ये घाला."

घातले.
इतर, दोन टिंब एक होतं, दोन टिंब आठ झालं.
खाली शंभर जमले, ठळक टायपात.

मी मात्र तिथेच अडकलो.
यल्लप्पाची किटली बसवून पाहिली त्या सातात, बसली.
गेटसमोर अर्ज लिहून देणारा सदानंद केणी,
त्याची घडीची खुर्ची, पाच रुपयांचा डिंक.
दाऊदच्या बायकोचं पापड लाटणं.
खुद्द दाऊद: रात्री इथे सरकारी, तक्ता तीनमधला,
सुट्टीच्या दिवशी मेव्हण्याचा टेम्पो चालवतो,
तो दाऊद कुठल्या ओळीत?
अर्धा माणूस छापायला
आमच्याकडे खिळा नव्हता, आता फॉन्ट नाही.
"मोजू नका," फिलोमिना म्हणाली. "पुढचं पान."

दुपारी दोनला कुलूप निघालं.
उन्हाने डोळे चुरचुरले.
फोन हातात येताच सगळे एकदम बोलायला लागले,
माझ्या फोनवर फक्त वीजबिलाची आठवण.
पलीकडच्या फुटपाथवर टोपली टेकून कोळीण बसलेली,
फळीवर मांदेलीचे ढीग,
प्रत्येकावर पाण्याचा एक हबका.
"वाटा केवढ्याला?" फिलोमिनाने विचारलं.
"साठ. घे गो, शेवटचेच हायेत."
सवयीने माझं बोट हवेत थांबलं,
पुढे टिंब येतंय का, ऐकायला.
कोळणीने वाटा पिशवीत लोटला,
वर एक मूठ आणखी टाकली,
मोजली नाही.