बेचाळीस प्रती

शिखरेवाडीच्या वळणावर पगारेंचं झेरॉक्स.
मी म्हटलं, हे पान, बेचाळीस प्रती.
मशीन तापेपर्यंत त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं,
किंमत वाचली : बारा रुपये.
"अख्खंच काढून देतो बाई, स्पायरल घालून,
पोरांकडून तीस-तीस घ्या. कुणाला कळतंय?"

कुणाला कळतंय.
वेणू गायधनी, संग्रह पहिला, बहुधा शेवटचाही,
स्वतःच छापलेला, पाचशे प्रती,
मला सापडला रविवार कारंज्यावरच्या रद्दीत,
तराजूत, एका जुन्या पंचांगाखाली.
तिला कळणार नाही.
म्हणून तर म्हटलं, एकच पान.

आठवी ब.
कागद वाटता वाटता मागच्या बाकावरून हर्षल उन्हवणे :
"बाई, हे चालतं का?"
त्याचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये.
सुटताना डबासुद्धा उघडून दाखवायचा,
कागद मोजून आत, मोजून बाहेर,
वाया गेलेल्या तुकड्याचीही नोंद.
ज्या घरात नक्कल हा शब्द
जेवतानाही हळू आवाजात बोलतात
त्या घरातला मुलगा विचारणारच.

मी सांगितलं, कायद्यात एक पळवाट आहे.
पळवाट नव्हे, स्वतःलाच खोडलं, खिडकी आहे,
मुद्दाम ठेवलेली. कलम बावन्न.
शिकवताना शिक्षकानं, शिकताना मुलानं
लागेल तेवढं उतरवून घ्यावं.
"म्हणजे किती, बाई?"

फूटपट्टी नाही रे त्याला.
शेजारणीकडून विरजण आणतो ना, तेवढं.
पातेलं उचलून आणायचं नाही.

वर्ग हसला. हर्षल हसला नाही.
कागद खिडकीच्या उजेडात धरून बघत होता,
आत काही लपलंय का, तसा.
"पण यावर नाव कुठंय?"

नव्हतं.
नाव कव्हरवर, कविता पान एकोणतीसवर,
आणि मशीनला तेवढंच दिसतं जेवढं काचेवर ठेवाल.
पगारेंना तोऱ्यात नाही म्हणणारी मी
बेचाळीस वेळा एका बाईला पुसून आले होते.

मग पेनं निघाली.
गायधनीतला ध कुणी घ काढला,
कुणी वेणूचा णू ऱ्हस्व केला,
रुबीनानं नावाखाली दोन रेघा मारल्या,
हर्षलनं लिहिलं सगळ्यात बारीक, कोपऱ्यात,
नोटेवर असतं तेवढ्या अक्षरात.
तास संपला. कविता राहिली अर्धी.

मधल्या सुट्टीत समोरच्या क्लासचे सर आले.
"फोटो टाका ना मॅडम, आमच्या गाईडला बरी पडेल,
यंदा कव्हर रंगीत आहे."
त्यांना विरजणाचं सांगितलं नाही.
पातेलंही पुरलं नसतं, म्हैसच हवी होती.
म्हटलं, कवयित्रीला विचारा.
"राहतात कुठं?"
पुस्तकात फोन आहे, पाच आकडी.
मी लावून पाहिला होता, पुढं दोन आकडे जोडून.
टायरवाल्याला लागला.

आणि पुस्तक? ते पगारेंच्या मशीनवरच,
झाकणाखाली विसरलेलं.
संध्याकाळी गेले तर त्यांनी गल्ल्यातून काढलं,
वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं.
"बावीस वर्षं झाली बाई, इथनं कागद जातायत.
सातबारे, दाखले, कुणाकुणाच्या परीक्षा.
वाचलं कधी नव्हतं. आज दुपारी लाइट नव्हती."
मग बिलबुकाची पाठ पुढं केली.
निळ्या पेननं उतरवलेली कविता,
पान एकोणतीस नव्हे, एकतीसवरची.
खाली नाव, पूर्ण. तारीख.
"हे चालतं ना?"

पान एकतीस मी वाचलंच नव्हतं.
त्यांच्या अक्षरात वाचलं, काउंटरला टेकून.